ताईचं शेडिंग

ताईने एकदा लोणच्याच्या लेबलासाठी आंबा काढला होता. तो बघताना दुकानदाराने नकळत, खरा असल्यासारखं, संगणकाच्या पडद्याला बोट लावलं आणि मग स्वतःच ओशाळला. तेव्हा आम्हा दोघी बहिणींचं काम नुकतंच सुरू झालं होतं. पनवेलच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर एक खोली होती, त्यात दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक कुरकुरणारा पंखा. लग्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स. अक्षरं जुळवणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. चित्र ताईचं.

तिची पद्धत मी शेजारी बसून पाहायची. आधी सपाट आकार काढायचा, नुसता पिवळा. त्यावर ग्रेडियंट, म्हणजे गडदपासून फिक्यापर्यंत सरकत जाणारा रंग. मग त्यावर मास्क, म्हणजे रंग झाकणारा एक थर, चढवून मऊ ब्रशने हलके हलके हात फिरवायचे. "मास्कवर काळं केलंस की लपतं, पांढरं केलंस की दिसतं," ती सांगायची. "ते कुणालाही जमतं. खरं काम राखाडीचं. ती जितकी सावकाश चढेल तितकी वस्तू गोल वाटेल." मी हो म्हणायची आणि माझ्या पत्रिकेकडे वळायची. मला शिकायची गरज कधी वाटलीच नाही. ती होती ना.

उरणजवळच्या करंजा गावच्या एक मावशी आमच्याकडे यायच्या. घरी सुकवलेले सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, त्या उरणला आणि पनवेलच्या बाजारात बसून विकायच्या. एका दुकानाने छापील पाकिटं मागितली, म्हणून त्यांना लेबल हवं होतं आणि लेबलावर कोलंबी हवी होती. ताईने आठवडाभर लावून ती काढली. प्रिंट हातात घेऊन मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"पोरी, ही कोलंबी नाय वाटत. कौलं रचल्यावानी दिसते."

मी वाकून पाहिलं. खरंच, पाठीवरची सावली पट्ट्यापट्ट्यांनी उतरली होती, मधला रंगच नव्हता. प्रिंटर बिघडला असेल म्हणून मी पडद्यावर फाइल उघडली. तिथेही तेच.

"मावशी, प्रकाश कमी आहे इथे," ताई म्हणाली. "ट्यूब बदलायचीय."

ट्यूब नवी होती. मीच लावली होती.

मावशी तिच्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तुला नीट दिसतं ना गं बाय?"

ताईने प्रिंट त्यांच्या हातातून घेऊन उलटी ठेवली. तेव्हा मला सगळं कळलं. संध्याकाळी जिना उतरताना ती भिंतीला हात लावून चालायची. बाजूने कुणी आलं की दचकायची. आई म्हणायची, हिचं लक्षच नसतं कशात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतोय, म्हणाले. अंधारातलं आधी जातं, मग बाजूचं. फिके रंग एकमेकांत मिसळतात. "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती किती टिकेल, तेही सांगता येणार नाही." रिक्षात बसल्यावर मी तिचा हात धरला. ती समोर बघत म्हणाली, "आधी मावशींची कोलंबी पुरी करू. त्या थांबल्यात."

ती कोलंबी मी काढली. ताईने मला बाजारातून एक ताजी कोलंबी आणायला लावली आणि बशीत घालून खिडकीत ठेवायला सांगितली. "काठ बघू नकोस. उजेड कुठे संपतो ते बघ." मला ते दिसायचं, पण हातात उतरायचं नाही. मी खोडायची, पुन्हा करायची. ती पडद्याला नाक लावून बघायची आणि शेवटी मलाच विचारायची, "आता पट्टे दिसतात का?" ज्या गोष्टीत मी तिला विचारायचं, त्या गोष्टीत ती मला विचारत होती. मला रडू यायचं, म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची.

मावशी आल्या तेव्हा ताईने त्यांना बजावलं, "खरं सांगा हं."

"तुज्या हातची नाय ही," मावशी म्हणाल्या. "पन कोलंबी हाय." जाताना त्यांनी ताईच्या गालावरून हात फिरवला.

पुढची काही वर्षं ताई माझ्यामागे खुर्ची घेऊन बसायची आणि आठवणीतून सांगायची, डावीकडून उजेड घे, इथे कमी कर. मग तेही सुटत गेलं. रोडपालीच्या एका घरात तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तिने स्वतः फोन करून मुलाला आजार सांगितला. त्याने विचार करून कळवतो म्हटलं. त्याचा फोन आला नाही. एके दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "आज तू एकटीच जा." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. एकटीला ती खोली खायला उठायची. मी ती सोडली आणि कळंबोलीत एका छापखान्यात नोकरी धरली.

आता आईला दिसणं कमी आणि ताईला जवळजवळ नाही, तरी दोघी मिळून स्वयंपाक करतात. आधी संध्याकाळी घरी आले की मी ताईला दिवसभराचं काम सांगायची. एकदा एका कॅलेंडरसाठी समुद्रावरचं सूर्योदयाचं आभाळ केलं होतं. ते तिला उत्साहाने सांगत होते, खाली नारिंगी, मग गुलाबी, मग राखाडीकडे झुकणारा निळा. ती कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले.

"नको सांगूस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझ्याकडे माझं एक आभाळ आहे अजून. तू सांगितलंस की ते हलतं."

तेव्हापासून मी तिच्याशी रंगांचं बोलत नाही. आम्ही भाजीचं बोलतो, आईच्या गुडघ्यांचं बोलतो, शेजारच्या बाळाला दात आले त्याचं बोलतो. छापखान्यात एखादी सावली मनासारखी उतरली की मी थोडा वेळ नुसती बसून राहते, मग फाइल बंद करते.