फोनात घावलेलं माहेर

माझं माहेर कोयनेच्या धरनात बुडालं. आई आदीच गेल्याली. मला आटपाडीच्या मावशीनं नेलं, आन बा नि थोरला भाव सरकारनं दिल्याल्या जिमिनीवर खाली कोकनात गेले. कुठल्या गावाला, कुनालाच ठावं न्हाई. पुढं मी दुस्काळात खडी फोडली, पोरं वाढीवली, नवरा पोचवला. त्येचं काय एवढं, समद्यांचंच तसं हुतं. पर एकच सलायचं. बाई मेली की माहेरचं लुगडं यावं लागतंय. माझं कोन आननार?

एकदा सुनंला म्हनलं, "तूच आन गं दुकानातनं. मेल्यावर मला कुठं कळतंय?"

"आवं आत्याबाई, आदी हुडकू तरी," म्हनली आन फोन घिऊन बसली.

"पान्याखालचं गाव फोनात कसं घावंल?"

घावलं की! कुनीतरी धरनाआदीचा नकाशा फोनात घातल्याला, त्यात नदीच्या वळनावर आमचं गाव! आन उठवलेल्या लोकांचा फोनवर एक गट हाय. कोन कुठं जाऊन बसलं, त्ये गाववार लिवल्यालं. सुनंनं तितं माझ्या बाचं नाव, आडनाव, देवक समदं टाकलं.

आठ दिसांनी एका बाप्याचा फोन आला, तोंड दिसतंय तसला. म्हनला, मी तुमचा भाचा. मला वाटलं, चोर आसंल.

"आदी वळख पटीव," मी म्हनलं.

"माझ्या बाचा डावा हात वाकडा हुता. म्हनायचे, धाकट्या बहिनीनं जांभळीवरनं ढकललं."

"खोटं! त्योच पडला! फांदीवर नाचत हुता मेला!"

तिकडं त्यो हसायलाच लागला. "आत्या, तुमीच व्हय. बा गेल्या साली गेले. शेवटपतूर तुमच्यासंगं आसंच भांडत हुते."

सून बी मला आत्याच म्हनती, पर ही आत्या कानाला निराळी लागली. डोळं पुसलं आन म्हनलं, "मग भांडान मीच जितलं. दुसरं उरलंय कोन?"

दिवाळीला त्यो बायकूला घिऊन आला, संगं डाळिंबी लुगडं. मी तितंच घडी मोडून नेसले.

सून वरडली, "आवं, ठिवा की जपून, त्या दिवसाला!"

"त्या दिवशी मला आरसा कोन दावनार?"

भाचा म्हनला, "मग तवा काय करायचं, आत्या?"

"तवा दुसरं आन. नि काठ जरा रुंद बघ. ह्येचा लय बारीक हाय."