शनवारच्या ओळीत पाहुणा

पुलगावला स्टेशनच्या मागच्या अंगाला सहा घरांची एक ओळ होती. तिला सगळे शनवारची ओळ म्हणत. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं तिथे शनवारी बाजार भरत असेल. तसं काही नव्हतं. तिथे यहुदी लोक राहत. पुरुष सगळे रेल्वेत. मूळचे कुलाब्याकडचे, घरात मराठीच बोलत, बायका आमच्यासारख्याच लुगडं नेसत. फक्त मूर्ती नाही, देव्हारा नाही. दाराच्या चौकटीला एक छोटी पितळी नळी ठोकलेली असे, आत त्यांच्या भाषेत लिहिलेला कागद. येता-जाता नळीला हात लावून बोटं ओठाला टेकवत. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. चूल नाही, काडी ओढायची नाही, लिहायचंसुद्धा नाही.

आमचं घर ओळीला लागून होतं. माझे मालक कापडाच्या मिलमध्ये होते. ओळीतल्या शेवटच्या घरात एक विधवा बाई एकटी राहायची. तिला मी मावशी म्हणे. शनिवारी सकाळी तिची चूल पेटवून पाणी तापवून द्यायचं काम आमच्या घराकडे होतं. आधी सासू जायची, मग मी. पहिल्या दिवशी सासूनं सांगितलं, "ते तुले तोंडानं सांगणार नाई. त्याइले सांगताच येत नाई शनवारी. आपनच समजून करजो आन येजो."

मग मी समजून करायला शिकले. मावशी नुसती म्हणायची, "आज गार आहे नाही?" की मी चूल पेटवायची. ती म्हणायची, "अंधार झाला वाटतं," की मी कंदील लावायची. वर्षभरात मला इतकी सवय झाली, की ती बोलायच्या आधीच माझा हात काड्यापेटीकडे जायचा.

मावशीला दिसत नव्हतं. हे ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. घरात ती अशी वावरायची की नव्या माणसाला कळू नये. तांब्या कुठे, पाट कुठे, सगळं हाताला पाठ. तिची एकुलती मुलगी नवऱ्याबरोबर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नव्या देशात गेली होती. तिची पत्रं मराठीत येत. मी चौथी पास, म्हणून वाचून दाखवायला मी. एका पत्रात लिहिलं होतं की मुलगा झाला, आई, आता तू ये. मावशीनं ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. पाचव्यांदा मी म्हटलं, "मावशी, मले पाठ झालं, पत्र ठेवा आता."

जायचं म्हणजे नुसतं मनात येऊन चालत नव्हतं. मुंबईचा एक माणूस गावोगाव फिरून कोण जाणार याची यादी करत होता. घरं पाहायचा, माणसं पाहायचा, वर कळवायचा. तो पुलगावला शुक्रवारी येणार असं पत्र आलं. ओळीतले एक म्हातारे रिटायर्ड गार्ड होते, सगळे त्यांना गार्डकाका म्हणत. त्यांनी गुरुवारी सगळ्यांना आपल्या ओसरीवर बोलावलं. मीही जाऊन उभी राहिले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

काका म्हणाले, "एकटी म्हातारी, त्यातून आंधळी. तिकडे कोण सांभाळणार म्हणतील. नाव घेणार नाहीत."

मावशी तिथेच बसली होती. म्हणाली, "मग सांगू नका."

तसंच ठरलं. पाहुणा शनिवारभर राहणार, तेव्हा त्याला पायी ओळ दाखवायची आणि मावशीचं घर शेवटी घ्यायचं. तिला ओसरीवर येऊ द्यायचं नाही, घरातच भेट व्हायची. घरात ती कोणाला हार जाणारी नव्हती. काकांचे गुडघे धरलेले, आणि बाकीच्या पुरुषांना शनिवारीही रेल्वेची ड्यूटी. ही ड्यूटीसुद्धा पाहुण्याला सांगायची नव्हती. बायका आपापल्या घरी पाहुण्याची वाट पाहणार. मग फिरवणार कोण? काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू फिरव. तुला सगळ्यांच्या चुलीसुद्धा माहीत आहेत. पण चुलीचं काही बोलू नकोस."

घरी सासू म्हणाली, "तुले काय पडलं त्याचं? उद्या कमीजास्त झालं त तुयाच नावानं बोंबलतीन."

मी म्हटलं, "बोंबलू द्या."

पाहुणा पन्नाशीचा होता. काळी टोपी, पांढरी पँट, बारीक आवाज. तोही त्यांच्यातलाच, मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलायचा. शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, वही नाही, पेन नाही. मला म्हणाला, "आज मी लिहीत नाही. तुम्ही सांगा, मी ध्यानात ठेवतो. संध्याकाळी लिहीन."

"आन इसरले त?"

"नाही विसरत."

मी त्याला काकांच्या घरापासून सुरुवात करून दिली. त्यांची पुढची खोली म्हणजेच ओळीची प्रार्थनेची जागा. एक लाकडी कपाट, त्यात पुस्तकं, भिंतीशी दोन बाकडी. मी सांगितलं, "सणाले इथं बडनेऱ्याहून आन नागपुराहून मानसं येतात. पुऱ्या प्रार्थनेले धा पुरुष लागतात आन ओळीत सातच हायेत."

"ते सात कुठे आहेत आज? मला तर एक म्हातारेच दिसले."

"बाहेरगावी गेले."

"सहाही?"

मी पुढच्या घराकडे वळले. तिसऱ्या घरी गेलो तर तिथली बाई हौसेनं म्हणाली, "बसा ना, हे येतीलच आता, दोनला ड्यूटी सुटते." मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं जीभ चावली. पाहुणा शांतपणे म्हणाला, "रेल्वे शनिवार पाळत नाही, हे मला माहीत आहे. मीही आठ वर्षं रेल्वेत होतो."

विहीर दाखवली. विहिरीवर ते आणि आम्ही दोघंही पाणी भरायचो. कोंबडी कापायला त्यांचा जाणता माणूस लागतो, तो पुलगावात नव्हता, म्हणून सणाशिवाय या घरांत मटण शिजत नाही हेही सांगितलं. त्याला ते आवडलं असावं. ओळीच्या टोकाला चार थडगी होती. तिकडे बोट केलं तर म्हणाला, "आज तिकडे जात नाहीत." जुनी वस्ती म्हणून त्याला काही मोठं बघायला मिळेल असं वाटलं असेल तर तसं तिथे काही नव्हतं. सहा घरं, एक विहीर, एक लिंबाचं झाड. रेल्वे आली तेव्हा आलेली माणसं.

शेवटी मावशीचं घर आलं. मी दारातूनच मोठ्यानं म्हटलं, "मावशी, पाहुणे आले वो, टोपीवाले!" म्हणजे तिला कळावं कोण ते. ती आतून सरळ चालत आली. चौकटीपासून दोन पावलांवर थांबली, नमस्कार केला, खुर्चीकडे हात केला. पाण्याचा पेला आणून बरोबर त्याच्या हातात दिला. शुक्रवारी करून ठेवलेले गोड पोहे वाढले, वर खोबरं, एक दाणा खाली सांडला नाही. मुलीचं सांगितलं, नातवाचं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मला वाटलं झालं, निभलं.

तो उठायला लागला. मावशीला राहवलं नाही. वर छताच्या वाशाला काचेचा दिवा टांगलेला होता. पाण्यावर खोबरेल तेल, त्यात वात. शुक्रवारी संध्याकाळी लावायचा आणि शनिवारभर जळू द्यायचा. ती वर मान करून म्हणाली, "बघा, काल लावलेला दिवा अजून तेवतोय. तेल मी स्वतः घालते. एकदाही मधेच गेला नाही."

दिवा विझलेला होता. वात काळी पडून तेलात पडली होती.

पाहुण्यानं वर पाहिलं. मी पाहिलं. आमच्या घरी देवापुढचा दिवा गेला तर हातातलं काम टाकून लावायचा असतो, आणि इथे तर वर्षभर मी न सांगता समजून करत आले होते. मी कोनाड्यातली काड्यापेटी घेतली, पाटावर चढले, बोटानं वात सावरून काडी ओढली आणि दिवा लावला. मला वाटलं, मावशी खरी ठरली.

पाहुणा ताडकन उभा राहिला. "अहो, हे काय केलंत?"

मावशीनं नाकानं वास घेतला. "काडी कोणी ओढली गं? चूल तर सकाळीच झाली ना?"

अशी चूलही बाहेर आली.

मी पाटावरच उभी होते. पाहुण्यानं आपली खुर्ची उचलली आणि दारात नेऊन ठेवली, दिव्याचा उजेड अंगावर पडू नये म्हणून. शनिवारी दुसऱ्यानं त्यांच्यासाठी लावला तरी तो उजेड त्यांच्यात वापरायचा नसतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं तो निघून चाललाय.

"दिवा विझला होता?" मावशीनं विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"मले काय मालूम? मी आत्ताच पायला."

ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. उजवा पूर्ण गेला, डाव्यानं उजेड-अंधार तेवढा कळतो, तोही बाहेर. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. मीच म्हटलं होतं. या पोरीला काही बोलू नका, ती समजून करते आणि कधी कधी जास्त समजते."

पाहुणा म्हणाला, "पेला तर बरोबर हातात दिलात माझ्या."

"तुम्ही बसलात की घसा खाकरता," मावशी म्हणाली. "काल काकांकडे जेवायला बसलात तेव्हा मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. आणि खुर्ची माझीच आहे, तिचा हात कुठे येतो ते मला ठाऊक आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "संध्याकाळपर्यंत विचार करतो."

काकांना कळलं तेव्हा ते माझ्यावर तापले. "तुला कोणी सांगितलं होतं दिवा लावायला?"

"कोनीच नाई," मी म्हटलं. "तुम्ही सांगता काय कधी?"

दिवसभर ओळीत माझ्याशी कोणी नीट बोललं नाही, आणि घरी सासू म्हणाली, "सांगतलं होतं मी." मी भाकरी थापल्या. रडले वगैरे नाही. पण मावशीचं नाव राहिलं तर ते माझ्यामुळे, हे डोक्यातून जात नव्हतं.

दिवस मावळला. मी विहिरीवर घागर घेऊन गेले. पाणी भरायचं नव्हतं, पण तिथून काकांची ओसरी दिसायची. पाहुणा अंगणात उभा राहून वर बघत होता. तीन चांदण्या दिसल्यावर तो आत जाऊन वही-पेन घेऊन आला आणि कंदिलापाशी बसून लिहायला लागला. मी सरळ जाऊन समोर उभी राहिले.

"लिवलं का मावशीचं नाव?"

"लिहिलं."

"डोळ्याचं?"

"तेही लिहिलं. खोटं मी लिहीत नाही."

"मंग नाव कायले लिवलं? नाईच म्हनतीन ते."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "डोळ्यावर पांढरं आलंय त्यांच्या, दारातल्या उजेडात मी पाहिलं. मोतीबिंदू आहे. तो काढता येतो, बाई. दोन वर्षांत डॉक्टरला दाखवलं होतं का कोणी?"

मी बाजूला बसलेल्या काकांकडे पाहिलं. काका खाली बघायला लागले. कोणी दाखवलं नव्हतं. सगळी ओळ दोन वर्षं मावशीचे डोळे झाकत होती. मीही त्यात होते, पत्रं वाचत होते, कंदील लावत होते, आणि डॉक्टर माझ्याही डोक्यात आला नव्हता. वय झालं की डोळे जातात, एवढंच आम्हाला ठाऊक.

"नागपूरला न्या," तो म्हणाला. "ऑपरेशन झालं की मला कार्ड टाका. तोवर हे नाव मी खाली ढकलत नाही."

काकांच्या मुलानं आणि मी तिला नागपूरला नेलं. उजव्या डोळ्याचं काही होणार नाही म्हणाले, फार उशीर झाला होता. डाव्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस तिला डोकं न हलवता उताणं पडून राहायचं होतं आणि ती आठही दिवस कुरकुरत होती. पुढे जाड भिंगाचा चष्मा मिळाला. तो लावून तिनं पहिल्यांदा मला नीट पाहिलं.

"आवाजावरून गोरी वाटायचीस," म्हणाली.

"आन तुमी आवाजावरून भल्या वाटत होत्या," मी म्हटलं.

पुलगावला आल्यावर तिनं आपलं घर पाहिलं आणि दोन दिवस भिंती घासल्या. मी कार्ड लिहिलं, चौथीच्या अक्षरात: मावशीला दिसते. पावसाळा संपता संपता परवानगी आली. ओळीतली आणखी तीन घरं तिच्याबरोबर निघाली. काका राहिले, त्यांना जायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. मुंबईकडची गाडी पुलगावला फार थांबत नाही. डब्याच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून मी तिला धरायला हात पुढे केला.

"सोड," ती म्हणाली, "दिसतंय मला." दांडा धरून चढली आणि खिडकीजवळची जागा पाहून बसली.