चढाईतली घोषणा

ताडकळसच्या मैदानावरचा तो कबड्डीचा सामना अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा त्या भागात ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या व्यावसायिक संघाचा एक नावाजलेला गडी त्या दिवशी गावाकडून उतरला होता. ऊसतोड कुटुंबातला पोरगा, दंडाला काळी फीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह बंद पडलं होतं, त्याचा निषेध. पाहुणे म्हणून आलेले पुढारी ती फीत बघून लालबुंद झाले. सामना संपला आणि खुर्च्या उडाल्या. एका प्रेक्षकाचं डोकं फुटलं.

लगेच पुढाऱ्याचे तीन कार्यकर्ते फिर्याद द्यायला हजर. म्हणे, त्या गड्यानं खेळता खेळता "मंच मोडा" अशी चिथावणी दिली. पाठोपाठ वरून फोन आला, "आजच त्याला आत घाला." गुन्हा दाखल झाला असता तर पोराचा संघाशी असलेला करार तुटला असता, खेळाडू कोट्यातली मिळू घातलेली नोकरीही गेली असती. त्याचा बाप ठाण्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

तेवढ्यात मैदानाबाहेर भजी तळणारी बाई आली. हळूच म्हणाली, "साहेब, पैली खुर्ची पाहुण्याच्या मानसानंच फेकली. पर माजं नाव नका घेऊ."

मी पोराला समोर बसवलं. "फीत बांधली होतीस?"

"बांधली, साहेब. उद्या बी बांधीन."

"घोषणा दिलीस?"

"न्हाई."

खोटं बोलणारा आधी फीतच नाकारतो, हा माझा अनुभव.

मग तिघांचे जबाब वेगवेगळे घेतले. घोषणा नेमकी कधी दिली? तिघंही पोपटासारखे बोलले, "शेवटच्या चढाईत, समोरच्या अंगणात घुसल्यावर." म्हटलं, आता सापडलात लेको! चढाईत "कबड्डी"शिवाय दुसरा शब्द तोंडून निघाला की गडी बाद, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. आणि त्याच चढाईच्या गुणावर गावानं सामना जिंकला होता. पंचांना बोलावलं. ते ठणकावून म्हणाले, "दम तुटला असता तर मी गुण दिला असता का?"

तिघांतल्या सगळ्यात तरुणाला मी तेच विचारलं. त्यानं सगळं ओकून टाकलं. "साहेब, आमाला जसं सांगितलं तसं बोलायलोत. त्यो जिंकून फीत दाखवत नाचायला लागला, लय राग आला. खुर्ची मीच फेकली."

गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. फोन पुन्हा आला. "डायरीत नोंद झालीय, साहेब," एवढंच सांगून मी ठेवून दिला.

निघताना पोराला विचारलं, "अरे बाबा, खेळात हे कशाला?"

"माजा बाप बोलला तर कोन ऐकतंय, साहेब? माज्याकडं लोक बघायलेत तरी."

पोलिसानं गुन्हा शोधावा, कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या ते नव्हे, हे त्या प्रकरणानं मला पक्कं शिकवलं. खेळाडूंनी राजकारण करू नये, असं आजही लोक मला ऐकवतात. मी एवढंच विचारतो, मग सामन्याच्या उद्घाटनाला पुढारी कशाला बोलावता?