मामांचे कान

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोच्या मामांकडे जेवायला गेलो आणि जावई किती साधा आहे हे दाखवण्याच्या नादात स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघालो. ताट निसटलं, फरशीवर पडलं, आणि स्टीलचं ताट पडल्यावर जसं गोल गोल फिरत वाजत बसतं तसं वाजत बसलं. मान वर करून बघतो तर मामा घरात नाहीत. अनवाणी उठून जे गेले ते थेट ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन बसले होते. पहिल्याच दिवशी मामेसासऱ्यांना दुखावलं, या समजुतीत पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी चाचरत बोलत होतो. दुखावणं वगैरे काही नव्हतं. आमच्या मामांइतके तिखट कान अख्ख्या बीड जिल्ह्यात, माणसाचं सोडा, हरणाचेही नसतील.

आणि असा माणूस उमापूरच्या बाजूला एका खेड्यात दूध सोसायटीचा सचिव. दुधाचे कॅन आदळणं हा त्या सोसायटीचा मुख्य धंदा. मामांनी कॅनखाली गोणपाट अंथरलं होतं, मापाच्या दांड्याला चिंधी गुंडाळली होती, आणि दूध घालणाऱ्याला दारातच दम मिळायचा, "हळू ठिव. दूध हाय, दगड न्हाई." घरात कुकर होता, त्याची शिट्टी कुठे गेली हे कुणी विचारायचं नाही. मामी म्हणायच्या, "ह्यांच्यापायी बांगड्या बी दोन-दोनच घालते मी." दुष्काळात मात्र या कानांना भाव आला. टँकर फाट्यावर वळला की त्याची घरघर सगळ्यांआधी मामांना ऐकू यायची आणि त्यांचे हात कानांवर जायचे. बायकांनी हे हेरलं. सोसायटीसमोर हंडे मांडून त्या मामांकडे बघत बसायच्या. एकदा डोकं दुखतंय म्हणून मामांनी नुसतेच कान दाबले, तर निम्मं गाव हंडे घेऊन, टँकर जिथे रिकामा व्हायचा त्या विहिरीकडे पळालं. "कावून पळाल्या ह्या?" मामांनी मला विचारलं. मी पाहुणा, मला काय ठाऊक. मीही थोडा पळून आलो होतो.

सुनीचं, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ही गंमत संपली. साल दुष्काळी, म्हणून लग्न सामुदायिक सोहळ्यात. कितीतरी जोडपी, मांडव एक, आणि खांबाखांबावर कर्णे. मामांनी मला गोठ्यामागे नेलं. "जावईबापू, मी तिथं टिकायचो न्हाई. पोरीवर अक्षता टाकायच्या टायमाला बापच पळाला, तर सासरी तिला काय तोंड ऱ्हाईल?" अंबाजोगाईच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, जरा गरजेपेक्षा जास्तच. हळू आवाजात बिनशब्दांचं, शांत वाद्यसंगीत ऐकत जा, कानांना आवाजाची सवय होईल. सुनीने मोबाइलवर बासरी लावून दिली, ती मामांना टोचली. सतार म्हणे दातांत गेली. मग त्या मोबाइलने आपल्याच मनाने काहीतरी सुरू केलं. संथ पियानो, त्याच्यामागे पोटातून हुंकार भरणारं एक जाड तारेचं वाद्य, आणि नुकतंच झोपेतून उठून बोलावं तसा सॅक्सोफोन. वर 'जॅझ' असं लिहिलेलं. मामा आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकून बसलेले दिसले.

मीही ऐकलं. गाणं आता सुरू होईल, मग सुरू होईल, अशी वाट बघत होतो, तेवढ्यात ते संपलं.

"मामा, याला चाल नाही का?"

"हाय की. पर अंगावर येत न्हाई." मग मामा मला समजावू लागले. "आपल्या सोसायटीच्या सभेत सगळे एकदम बोलतेत. ह्यात बघा, एक जण बोलतोय, बाकीचे नुसते हूं हूं करतेत. त्यो गप झाला की दुसरा. आन् मागं एक जण हळूच अंगण झाडतोय. झाडतोय का न्हाई? सोसायटी अशी चालाया पायजे."

ड्रमवर ब्रश फिरवतात म्हणे, ते हे अंगण. मला काहीच कळलं नव्हतं, पण मी मान हलवली. जावयाला तेवढं येतं.

लग्नाच्या दिवशी मामांच्या फेट्याखाली इअरफोन, खिशात मोबाइल, मुठीत अक्षता. माझ्याकडे एकच काम होतं, प्रत्येक 'सावधान'ला मामांना कोपराने ढोसायचं. मंगलाष्टकं सुरू झाली. कर्ण्यांनी मांडव हादरत होता आणि मामा डोळे मिटून संथ डोलत होते. "ह्यांना कुठं दुखतंय का?" मागची म्हातारी विचारत होती. सुरुवातीच्या एक-दोन 'सावधान'ला मी ढोसलंही, पण अक्षता टाकायला हात उचलेपर्यंत मामा दर वेळी मागे पडले. "शेवटच्याला एकदम टाकतो," ते म्हणाले. मग मी त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. इतके दिवस मला न सापडलेली ती चाल तिथे दिसतेय असं वाटायला लागलं. आता मान खाली येईल म्हणावं, तर ती यायची नाही, भलत्याच वेळी यायची. ठेका शोधता शोधता माझीही मान डोलू लागली. भानावर आलो तेव्हा बँड वाजत होता, हार पडले होते, तांदूळ उडून गेले होते. मामांची मूठ बंदच होती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते मुठीकडे बघत राहिले.

निघताना सुनी पाया पडायला आली. कर्ण्यावरून देणगीदारांचे आभार चालले होते, बँड थांबायला तयार नव्हता. मामांनी फेट्यात बोटं घालून इअरफोन ओढून काढले आणि माझ्या हातात दिले. चेहरा पिळवटला, पण हात कानांवर गेले नाहीत. घामाने तळव्याला चिकटलेले तांदूळ त्यांनी एकेक सोडवले आणि तिच्या डोक्यावर ठेवले. ती काहीतरी म्हणाली. मी शेजारी उभा असून मला ऐकू आलं नाही. मामांना आलं.

"व्हय," ते म्हणाले. "नीट ऱ्हा."

परतताना एसटीत मी बायकोला म्हणालो, "पहिल्या दिवशी ताट पाडलं, आज हे. तुझ्या मामांच्या बाबतीत माझ्या हातून धड असं काही होतच नाही."



"त्या गर्दीत कुणाच्या अक्षता कुणावर पडल्या, कुणाला कळलं?" ती म्हणाली. "सुनीला आपल्या बापाच्या तेवढ्या कळल्या."