पॅराशूटची घडी

पॅराशूटची घडी घालताना बोलायचं नाही, हा आमच्या विभागाचा नियम. त्यामुळे दिवसभर तोंडात अडलेलं सगळं चहाच्या वेळी बाहेर पडतं आणि किस्से साचत जातात. मी शिलाई मशीनवर असते. लढाऊ विमानांच्या पॅराशूटचं कापड कुठे उसवलं की माझ्याकडे येतं. घडी घालतात आमचे दामले. राहायला शनिवार पेठेत, तेव्हा त्यांच्या बोलण्याबद्दल वेगळं सांगायला नको.

वैमानिकाला सीटसकट बाहेर पडायची वेळ आली, तर त्याचा जीव त्या घडीवर. म्हणून मध्ये कुणी टोकलं तर घडी मोडायची आणि पहिल्यापासून घालायची. एकदा नवे साहेब आले. दामलेंची घडी अगदी शेवटाला आलेली. साहेबांनी दारातूनच विचारलं, "दामले, अजून किती वेळ?"

दामलेंनी शांतपणे सगळी घडी उलगडली.

"दोन मिनिटं होती," ते म्हणाले. "आता तुम्ही जेवून या."

* * *

दामलेवहिनी हळदीकुंकवाला भेटल्या. म्हटलं, तुमचं बरं आहे, घरातच घडी घालणारा माणूस. त्या म्हणाल्या, "कसलं बरं? दर तीन महिन्यांनी कपाट उघडतात, माझ्या सगळ्या साड्या झटकतात, उजेडात धरून बघतात आणि पुन्हा घड्या घालतात. म्हणे, घडीची मुदत संपली. वर शेजारणीला बोलावून तपासून घेतात. घालणारा एक, तपासणारा दुसरा!"

पॅराशूटचं तसंच असतं हे खरं. पण पैठणी नेसून विमानातून कोण उडी मारणार आहे?

* * *

आमच्याकडे तपासणारे म्हणजे बबनराव, लोणी काळभोरचे. एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, शर्टाचं एक बटण नाही. ते घडीत पडलं असेल तर? त्या दिवशीच्या चारही घड्या उलगडल्या. आम्ही सगळे टेबलाखाली ओणवे. पाच वाजता बबनरावांनी घरी फोन लावला, तर त्यांची बायको म्हणाली, "बटण व्हय? ते सकाळीच तुटलंय. टीव्हीपाशी ठेवलं हाय."

चारही घड्या दामलेंच्या. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून बंडीवर या."

बबनराव तेव्हापासून बिनबटणाचा टी-शर्ट घालतात.

* * *

आमची रजिस्टरं कॉम्प्युटरवर घ्यायला खराडीच्या एका कंपनीतून एक मुलगा आला होता. हुशार, पण फार बोलायचा. दामलेंनी त्याला विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं, तर काय करता?"

"सिंपल आहे सर, रीस्टार्ट."

"छान. आमच्याकडे ती सोय नाही."

* * *

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बातमी आली, सरावाला गेलेलं एक विमान पडलं. वैमानिक बाहेर पडला एवढंच कळलं. पुढचं काही नाही. रजिस्टर काढलं, तर त्या पॅराशूटसमोर सही दामलेंची. दामले रिकाम्या टेबलाशी उभे राहून नुसत्या हातांनी घडी घालत होते, एकेक दुमड आठवून आठवून.

"मी तपासलंय, दामले," बबनराव म्हणाले. "समदं बरोबर हाय."

दामलेंनी पुढची दुमड घातली. दुपारी फोन आला. पोरगा उसाच्या शेतात उतरला, पाठीला मार बसलाय, बाकी ठीक. दामले खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी तो पोरगा स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आला. आता आमच्या हातची घडी आभाळात उघडलेली आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही. तशी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून तर रोज देवाला हात जोडतो. पण सव्वीस वर्षं घड्या घालणाऱ्या माणसाला वाटणारच ना, एकदा तरी कळावं. दामलेंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पेढा हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू? उघडताना कसं दिसतं हो ते?"

पोरगा ओशाळला.

"काका, मी डोळे गच्च मिटून घेतले होते."