केळीच्या चिकाचा डाग

ते प्रकरण डोक्यातून अजून उतरलेलं नाही. वस्तरा, पात्यावर डाग आणि पोलीस स्टेशन, एवढं ऐकून तुम्ही खुर्ची पुढे ओढली असेल, तर मागे घ्या. रक्त नव्हतं. केळीचा चीक होता.

मी तेव्हा धुळ्यात नवा शिपाई होतो. अंगावर वर्दी आणि जिभेवर बारा माणसं. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो, आणि साहेबांची नक्कल ऐन रंगात आली की साहेब नेमके मागे उभे. घर जळगावात, मेहरूणला. वडिलांचं सलून. लहानपण वस्तरे पुसण्यात गेलं, म्हणून हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

भडगावचे एक म्हातारे दाढी-कटिंगचे कारागीर ठाण्यात आले. सगळे त्यांना नाना म्हणत. बायको वारल्यावर दुकान बंद करून धुळ्याला लेकीकडे राहायला आले, आणि उतरल्या उतरल्या बसस्टँडवर पिशवी गेली. पिशवीत दोन धोतरं आणि जुना जर्मन वस्तरा. फिर्याद मी लिहून घेत होतो. नाना म्हणाले, धोतरं नेसू द्या चोराला, वस्तरा तेवढा बघा. ओळखीची खूण विचारली. पात्यावर मुठीजवळ काळा डाग, चिंचोक्याएवढा, केळीच्या चिकाचा.

मी म्हटलं, "नाना, एवढे जुने कारागीर तुम्ही, आणि पात्यावर डाग?"

राहू दिला, एवढंच ते म्हणाले. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

चार दिवसांनी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. जुन्या बाजारातला एक भंगारवाला शौकीन लोकांना जुने वस्तरे विकतो, त्याच्याकडे नवा माल आलाय. मी साहेबांच्या समोर बसून त्याला फोन लावला, सावद्याच्या केळीवाल्या शेटच्या आवाजात. दाढीचा शौक आहे, पैशाचं विचारू नको, असं म्हटल्यावर गडी खुलला. "शेट, परवाच आलाय. बठ्ठा खान्देश फिरा, असा मिळणार नाही." साहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता.

छापा टाकला, वस्तरा जप्त केला. पंचांसमोर पंचनामा मीच लिहिला, डागासकट. ठाण्यात आणल्यावर भंगारवाला म्हणतो, हा आमच्या आजोबांचा, पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. दमदाटी करायची गरजच पडली नाही. मी त्याच्याच आवाजात त्याला ऐकवलं, "शेट, परवाच आलाय." त्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं, आणि कुणाकडून घेतला ते नावासकट सांगून टाकलं. माणूस दुसऱ्याच्या आरोपाला तोंड देतो, स्वतःच्या आवाजाला देऊ शकत नाही.

इथंवर शाबासकी. घोटाळा पुढे झाला.

मुद्देमालाला सील लागायचं होतं आणि कारकून जेवायला गेला होता. मी सहज वस्तरा उघडला. भंगारवाल्याने तो ओल्या कागदात ठेवलेला, पात्यावर गंजाचे बारीक ठिपके उठलेले. सलूनमध्ये वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही. काम झालं की पातं कोरडं करायचं, तेलाचा हात द्यायचा, ओलं कधी मिटायचं नाही, लिंबू तर जवळही आणायचं नाही, पोलाद काळं पडतं. हे सगळं वडिलांनी टपल्या मारून शिकवलेलं. परेडचा दिवस होता, बक्कल चमकवायचं पितळेचं पॉलिश टेबलावरच होतं. मऊ फडक्यावर थोडं घेतलं आणि पाठीकडून धारेकडे हळूहळू चोळलं. ठिपके गेले. मग हात थांबेना. म्हटलं, गुन्हा तर उघडकीला आला, पंचनाम्यात खूण लिहिलेली आहे, म्हाताऱ्याला वस्तरा नव्यासारखा देऊ. अर्धा तास घासला. डाग गेला. पात्यात माझं तोंड दिसायला लागलं, आणि ते तोंड फार खूश होतं.

दुसऱ्या दिवशी ओळख पटवायला नाना लेकीबरोबर आले. त्यांनी पातं उघडून उजेडात धरलं, फिरवून बघितलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, हा माझा नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं कबूल केलं, भंगारवाल्यापेक्षा लवकर.

नानांनी वस्तरा परत उचलला. डोळे मिटून तळहातावर चार वेळा उलटसुलट फिरवला. त्या पात्याचा एक बारीक आवाज होता. तो त्यांनी ऐकला.

"वस्तरा मनाच शे, भाऊ," ते म्हणाले. "पन तिना डाग कोठे गया?"

तिचा म्हणजे कुणाचा, ते मग त्यांनी सांगितलं. बायको सावद्याकडची. लग्नानंतर पहिल्यांदा केळफुलाची भाजी करायला बसली, विळीला धार नव्हती, आणि नाना बाहेर गेलेले बघून तिने हा वस्तरा घेतला. नाना घरी येऊन खूप ओरडले. ती दोन दिवस राखेने घासत बसली, डाग हलला नाही. मग नानाच म्हणाले, राहू दे. रोज सकाळी दाढी करताना तो दिसायचा. ती गेल्यावर तर त्याच्यासाठीच रोज दाढी व्हायची.

लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नानांनी वस्तरा मिटला, कोर्टातून कधी मिळेल विचारलं आणि गेले. साहेब मात्र बोलले, मुद्देमालाशी छेडछाड या विषयावर, शेजारच्या चौकीत ऐकू जाईल असं. पुढे साहेबांच्या कितीतरी नकला केल्या, पण त्या दिवसाची कधी केली नाही.

आता मी निवृत्त. वडील गेले, त्यांचा वस्तरा माझ्याकडे आहे. मुठीजवळ त्यांच्या ओल्या अंगठ्याचा एक डाग आहे. मी तेल लावतो ते त्याच्या कडेकडेने. पोरगा म्हणतो, बाबा, पॉलिश मागवू का? मी त्याला म्हणतो, राहू दे. तो पुढचा प्रश्न विचारत नाही, हे खरं तर वाईट आहे.

नानांच्या त्या प्रकरणानंतर सुटीला मेहरूणला आलो आणि वडिलांना सगळं सांगितलं. डाग कसा सफाईने काढला तेही सांगितलं, थोडी शाबासकी मिळेल या आशेने. त्यांनी गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर थांबवली.

"गाढवा, दुसऱ्याच्या वस्तऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अख्ख्या खान्देशात कुणाच्या सदऱ्यावरचा केळीचा चीक निघत नाही. आणि तुला नेमका तोच निघाला?"