शरयूबाईंचा न फवारलेला तुकडा

शरयूबाई पावट्याचे रोप उपटत होत्या आणि शेताच्या मालकीणबाई, मंदाबाई, बांधावरून ओरडत होत्या.

"ओ बाई, आजून किती उपटताय? कालवणाला तरी ठिवा!"

बाईंनी मुळावरची माती झटकली, एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू या गाठींत राहतात. गुलाबी म्हणजे त्यांचे काम चालू आहे.

"मी सुनेलाबी एवढं निरखून बघितलं न्हाई," मंदाबाई म्हणाल्या. बाई मोठ्याने हसल्या.

मुठा गावातली ही माझी आणि शरयूबाईंची पहिली भेट. बाई महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत; तिथेच मी मराठी शिकवत असे. त्यांचे शेतकऱ्यांसाठीचे पत्रक तपासायला गेले होते. बुरशीनाशक आणि जिवाणू खत एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळू नका, जिवाणू मरतात, एवढेच त्यात होते. बुरशीनाशकाला मी 'विष' म्हटले. त्यांनी ते खोडले. "घाबरवून काय करायचंय? सगळी औषधं सारखी नसतात."

कीटकनाशकांनी या गाठींचे काय होते, हे पाहण्यात बाईंची उमेदीची वर्षे गेली. तुलनेला रासायनिक औषध कधीच न फवारलेली जमीन लागते. मारुंजीतली इमारतींखाली गेली, कासारसाईतली मालकाने विकली. मंदाबाईंचा तुकडा तेवढा उरला. बाईंच्या निवृत्तीनंतर सोबत येणारे विद्यार्थी थांबले. बाई एसटीने एकट्या जात राहिल्या.

माझे पती गेले तेव्हा त्या रोज संध्याकाळी येऊन बसत. त्यांच्या स्वतःच्या घरी कुणी नाही. फोन केला तर पहिल्या रिंगलाच उचलतात.

यंदा पावट्यावर मावा, रस शोषणारी बारीक कीड, पडला. निंबोळी अर्काने भागेना. मंदाबाईंनी बोलावले, मीही गेले.

"लई चढलाय, बाई. न्हाई फवारलं तर शेंग धरायची न्हाई. पर तुमी नगं म्हणला तर ऱ्हाऊ द्या."

बाई शेंडा उलटा करून बराच वेळ पाहत राहिल्या.

"पीक तुमचं आहे, मंदाबाई. फवारा." कोणते औषध, किती पाण्यात, तेही सांगितले.

"आन् तुमचं काम?"

"झालं ते."

शरयूबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. गुडघे साथ देवोत, आणि बांधावर सोबतीला कुणी असो.

त्या होकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटण्याआधी, मंदाबाईंच्या मुलाने तुकडा फवारला. बाई पहिल्या एसटीने येऊन बांधावर उभ्या होत्या.